खोट्या चेकला फसलेल्या मुलांना हसणं बंद करा

आज सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मेसेज टाकला. इथे शिकणाऱ्या एका भारतीय मुलाला खोटा चेक पाठवून कुणीतरी गंडा घातला, एवढाच मजकूर. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. "एमएस करायला येतात आणि साधा चेक कळत नाही." "बापाचा पैसा आहे, जातोय." एकाने तर लिहिलं, अशा मुलांना अमेरिकेने व्हिसाच देऊ नये. हे लिहिणारे सगळे माझ्या ओळखीचे आहेत, गणपतीत माझ्या हातचे मोदक खाल्लेले आहेत. तिथे उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून इथे लिहितेय.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी एक मुलगी भाड्याने राहायची. कराडकडची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलेलं. अभ्यासाला वाघीण. मला काकू म्हणायची आणि भाडं कधी एक दिवस उशिरा दिलं नाही. ती फसली. तिच्या परवानगीने सांगतेय.

तिला मेल आला तो युनिव्हर्सिटीच्या इनबॉक्समध्ये. खाली तिच्याच डिपार्टमेंटमधल्या एका प्राध्यापकांचं नाव. कामाला मदतनीस हवा, आठवड्याला ३५० डॉलर, वेळ तुमच्या सोयीने. आता ज्यांची मुलं एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेत त्यांना माहीत असेल, या मुलांना कॅम्पसबाहेर मनाला येईल तशी नोकरी करता येत नाही. कॅम्पसवर मात्र सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं. म्हणजे जे काम नियमात बसतं, जे मिळवायला ही मुलं लायब्ररीपासून कॅन्टीनपर्यंत अर्ज करत फिरतात, नेमकं तेच दारात चालत आलं. मेल लिहिणाऱ्याला आपल्या पोरांची गरज आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. याला मूर्खपणा म्हणायचं?

पुढचं बोलणं मेलवरून फोनच्या मेसेजवर गेलं, कारण "सर प्रवासात होते". मग पोस्टाने पाकीट आलं. आत २,८५० डॉलरचा कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला. ३५० तुझा पगार, उरलेले २,५०० अमुक माणसाला झेलवरून (फोनवरून लगेच पैसे पाठवायची इथली सोय) पाठव, तो सरांसाठी लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर देणार आहे. तिने सोमवारी फोनवरून चेकचा फोटो काढून भरला. मंगळवारी खात्यावर पैसे दिसले. तिने १,५०० पाठवले, बुधवारी उरलेले १,०००. पुढच्या आठवड्यात चेक परत आला. बँकेने २,८५० काढून घेतले, वर चेक परत आल्याचा आकार लावला आणि खातं मायनसमध्ये गेलं. त्यात तिच्या स्वतःच्या भाड्याचे पैसेही होते.

"पण तिने चेक वटेपर्यंत थांबायला नको होतं का?" हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. अहो, ती थांबली होती! खात्यावर पैसे दिसेपर्यंत थांबली. आपल्याकडे आयुष्यभर हेच शिकलोय ना आपण? भारतात चेक भरला की तो क्लिअर होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. पासबुकात आकडा पडला की विषय संपला. आणि बाउन्स झालाच तर कलम १३८ चेक देणाऱ्याच्या मागे लागतं, भरणाऱ्याच्या नाही. डिमांड ड्राफ्ट असेल तर आपण डोळे मिटून रोख समजतो, आणि कॅशियर्स चेक म्हणजे जवळपास तेच.

इथे उलटं आहे. इथे बँक तुम्हाला पैसे आधी वापरायला देते आणि चेक खरा की खोटा ते मागाहून कळतं, कधी काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी. तोवर तुमच्या खात्यावर दिसणारा आकडा ही बँकेने दिलेली उचल असते. चेक खोटा निघाला की ती उचल तुमच्याकडून वसूल होते. चेक ज्याने दिला तो केव्हाच गायब. फसवणाऱ्याचा सगळा धंदा या मधल्या दिवसांवर चालतो, म्हणून तर "आजच पाठव, व्हेंडर खोळंबलाय" अशी घाई. त्या मुलीला सरांचे दर तासाला मेसेज येत होते.

पूर्वी इथल्या बँका लोकांचे चेकचे पैसे दिवसेंदिवस अडवून ठेवायच्या, म्हणून १९८७ मध्ये कायदा आला की ठरावीक रकमा ठरावीक दिवसांत मोकळ्या केल्याच पाहिजेत. पगाराच्या चेकवर जगणाऱ्या माणसाला त्याचा फायदा झाला, मान्य आहे. फोनवरून भरलेल्या चेकला तर बँका स्वतःहूनच पैसे लवकर देतात, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून. पण मग ॲपमध्ये त्या आकड्याशेजारी ठळक अक्षरात लिहा ना, की हा चेक अजून परत येऊ शकतो, आणि आला तर भरपाई तुम्ही करायची! अटींच्या कुठल्यातरी चाळिसाव्या पानावर लिहून काय उपयोग?

मी तिच्यासोबत बँकेत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?" ती हो म्हणाली. "मग आम्ही काही करू शकत नाही." तिसरं वाक्य नाही. तुमच्या खात्यातून चोराने परस्पर पैसे काढले तर कायदा तुमच्या बाजूने असतो, पण तुम्हाला थापा मारून तुमच्याच बोटाने बटण दाबायला लावलं तर सहसा नसतो. ती मुलगी पार्किंगमध्ये येईपर्यंत रडली नाही. गाडीत बसल्यावर रडली.

घरी आल्यावर तिने तो चेक जेवणाच्या टेबलावर ठेवला. फोनवरून भरल्यामुळे मूळ कागद तिच्याकडेच होता. फिकट निळा कागद, नक्षी, बँकेचं नाव, खाली सही. बघून कुणीही खरा म्हणेल. मी चष्मा लावून दिव्याखाली धरला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. खालच्या ओळीतले आकडे चकाकत होते. खऱ्या चेकवर ते चुंबकीय शाईने छापतात आणि ती शाई निस्तेज असते. दुसरं म्हणजे, त्या ओळीतल्या नऊ आकड्यांच्या राउटिंग नंबरातले, म्हणजे बँकेच्या ओळख क्रमांकातले, पहिले दोन आकडे फेडरल रिझर्व्हचा (इथल्या मध्यवर्ती बँकेचा) विभाग सांगतात. ०२ म्हणजे न्यूयॉर्क, ११ म्हणजे डॅलस. चेकवर टेक्सासमधल्या छोट्याशा गावातली बँक आणि आकडे ०२ ने सुरू! मोठ्या बँकांचे बरेच नंबर असतात, त्यामुळे एवढ्यावरून छातीठोक सांगता येत नाही. पण असे न जुळणारे नंबर मुद्दाम घालतात, चेक भलत्याच बँकेकडे भटकत जावा आणि परत यायला आणखी दिवस लागावेत म्हणून.

हे सगळं विशीतल्या पोरीला कळायला हवं होतं म्हणणाऱ्यांनी आपापल्या ड्रॉवरमधला चेक काढून हे आकडे आयुष्यात कधी वाचलेत का, ते सांगावं.

आता कुणीतरी येऊन म्हणेल की काही मुलं लबाडही असतात. असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये टिकटॉकवर टूम निघाली होती, चेस बँकेच्या एटीएममध्ये न वटणारा चेक भरायचा आणि लगेच रोख काढायची. ते सरळसरळ चेकचा फ्रॉड होता आणि बँकेने पुढे खटलेही भरले. त्यांची बाजू मी घेत नाहीये. मी बोलतेय ती ज्यांच्या हाती एक डॉलर आला नाही त्यांच्याबद्दल.

आणि ही एकटी आमची कराडची मुलगी नाही. इथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्येच सांगितलं होतं की खोट्या चेकमध्ये पैसे गेल्याच्या तक्रारी विशीतली मुलं तिशीपुढच्या लोकांच्या दुपटीहून जास्त करतात. ज्यांनी आयुष्यात चेक लिहिलेला नाही, त्यांनाच गाठतात. गोऱ्या पोरांनाही गाठतात, आपल्या पोरांना वर व्हिसाची भीती. ती मुलगी चार दिवस कुणाला काही बोलली नाही, कारण पोलिसांत गेलं तर व्हिसा जाईल असं कुणीतरी रूममेटने सांगितलेलं. फसवणुकीला बळी पडणं हा व्हिसाचा गुन्हा नाही! आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन सांगा, ती माणसं त्यासाठीच बसलेली असतात.

वडिलांना मात्र तिने खूप उशिरा सांगितलं. दोन लाखांच्या वर रुपये होतात हो. फोन स्पीकरवर होता आणि मी ओट्याशी उभी होते. मला वाटलं आता ते ओरडतील. ते म्हणाले, "जेवलीस का? काकू आहेत ना तिथे?" मग म्हणाले, पैशाचं आपण बघू, तू परीक्षा दे. खेड्यातल्या शाळेतला मास्तर हे बोलू शकतो, आणि एडिसनमध्ये चार बेडरूमच्या घरात बसून आपण हसरे चेहरे टाकतो.

असो. राग काढून झाला, आता कामाचं लिहिते. इथे माझ्या यादीत बरीच मुलं आहेत.

कुणी चेक दिला आणि त्यातले थोडे पैसे परत किंवा पुढे कुणाला पाठवायला सांगितले, की तो खोटा समजा. कारण काहीही सांगू देत. भारतात परत जाताना सामान विकायला काढता तेव्हा सोफ्याचे ४०० ठरलेले असताना १,४०० चा चेक येतो आणि "वरचे मूव्हरला द्या" सांगतात, तेही हेच. गाडीवर जाहिरात लावायचे पैसे, दुकानात गुपचूप खरेदी करून अभिप्राय द्यायचं काम, गिफ्ट कार्ड घेऊन मागचे नंबर पाठवायचं काम, सगळं हेच. खरा मालक तुमच्या खात्यातून त्याची खरेदी करत नाही. प्राध्यापकांचा मेल असेल तर डिपार्टमेंटमध्ये चालत जाऊन विचारा. चेकबद्दल शंका असेल तर त्याच्यावर छापलेल्या नंबरवर फोन करू नका, तो त्यांचाच माणूस उचलतो. एफडीआयसी, म्हणजे बँकेतल्या ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर बँक शोधा आणि तिथून नंबर घ्या. चेक भरलाच असेल तर पैशाला हात न लावता बँकेला जाऊन सांगा.

पैसे गेले असतील तर रात्र-दिवस न बघता बँकेला फोन करा आणि फ्रॉड विभाग मागा. गिफ्ट कार्ड दिलं असेल तर कार्ड आणि पावती फेकू नका, त्या कंपनीला लगेच कळवा, क्वचित पैसे थांबतात. एफटीसीकडे आणि एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर तक्रार नोंदवा. चेक पोस्टाने आला असेल तर पाकीट जपून ठेवा आणि पोस्टल इन्स्पेक्टरकडे तक्रार करा. मायनसमधलं खातं तसंच सोडून देऊ नका. बँकेने ते बंद करून चेक्ससिस्टिम्सकडे (बिघडलेल्या खात्यांची नोंद ठेवून बँकांना देणारी कंपनी) कळवलं तर ती नोंद पाच वर्षांपर्यंत राहू शकते आणि दुसरीकडे खातं उघडताना आडवी येते. आमच्या मुलीने मॅनेजरला भेटून हप्ते बांधून घेतले. ते मिळालं ते मागितलं म्हणून, आपणहून कुणी सुचवलं नव्हतं.

आणि मंडळाच्या कमिटीला जाहीर विनंती. ऑगस्टमध्ये नवी मुलं उतरतात, लगेच गणपती. कार्यक्रमात प्रायोजकांच्या भाषणांना अर्धा तास असतो, त्यातली १५ मिनिटं या विषयाला द्या. मी बोलेन. तीही यायला तयार आहे, मी विचारून घेतलंय. वेळ बसत नसेल तर हॉलच्या दाराशी एक टेबल द्या, मी पत्रकं छापून आणते. छपाईचा खर्च माझा.