तळ्याला दगड लावला की काम संपत नाही

पावसाळा जवळ आला की पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं: तळ्याच्या काठाला चहूबाजूंनी दगड टाका, नदीतले गोटे फुकट मिळतात; धूप कायमची थांबते, घुशी, खेकडे, साप, बदकं फिरकत नाहीत आणि पुन्हा हात लावावा लागत नाही. दाखल्याला कात्रजचा तलाव. यातलं धुपीचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकलं तर पैसे पाण्यात जातील.

धुपीचंच आधी बघू. लाटेचा मार दगड झेलतो, वादच नाही. पण फटींतून पाणी मागच्या मातीपर्यंत पोचतं आणि परतताना बारीक माती घेऊन जातं. वरून काठ शाबूत दिसतो. फटीत काठी घालून बघा, माती धुपली असेल तिथे ती सरळ आत जाते. मग एखाद्या जोराच्या पावसात दगडांची अख्खी रांग खाली बसते. म्हणूनच धरणाच्या पिचिंगखाली, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांच्या थराखाली, आधी वाळू आणि खडीचे थर देतात, हल्ली त्यांच्या जागी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापडही घालतात. पायथ्याला चर खणून मोठे दगड रोवतात, नाहीतर सगळी पिचिंग तळाकडे सरकते. आपली काळी माती तर भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर नुसता दगड ओतून तो जागेवर राहील अशी अपेक्षाच चूक. उतार एक फूट उंचीला आडवा दोन फूट तरी हवा, आणि दगड खाणीतला, कोनदार, लहानमोठा मिसळलेला. तो एकमेकांत अडकतो. नदीतले गोटे घरंगळतात. शिवाय ते ‘फुकट’ही नाहीत, गोटेही गौण खनिजात मोडतात आणि ते उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते.

‘चहूबाजूंनी’ कशाला? आपल्याकडे तळं भरतं पावसाळ्यात आणि तेव्हा वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. लाटा आपटतात त्या पूर्वेच्या आणि ईशान्येच्या काठावर. दगड तिथे आणि पाणी आत येतं त्या तोंडाशी लावला तरी बहुतेक ठिकाणी भागतं. बांधावरून वाहणाऱ्या पावसाने घळी पडत असतील तर त्यावर हराळी आणि वाळा लावा; पाण्याच्या रेषेवरचा दगड तिथे काहीच करत नाही.

सगळ्यात घातक गोष्ट मेसेजमध्ये लिहिलेलीच नाही. पुरंदर, शिरूर, बारामती, इंदापूरकडच्या कितीतरी शेततळ्यांत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला आहे. त्यावर कोनदार दगड टाकला की कागद फाटणार आणि साठवलेलं पाणी जमिनीत जाणार. कागदाच्या तळ्याला लाटेने धूप होतच नाही. तिथे दगड टाकायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान करणं आहे.

आता प्राणी. हा सल्ला मूळचा अमेरिकेतल्या तळ्यांचा. तिथे मस्क्रॅट नावाचा प्राणी पाण्याखालून काठात बिळं करतो, आणि कॅनडा गूज नावाचे मोठे पाणपक्षी पाण्यातून चालत हिरवळीवर येऊन घाण करतात. पाण्याच्या पातळीच्या खालीवर दोन-तीन फूट दगड असला तर या दोघांना अडथळा होतो. पुण्यात दोघंही नाहीत. आपल्या घुशीला मोकळ्या दगडांच्या पोकळ्या म्हणजे आयतं घर. घुशी-उंदीर आले की मागोमाग धामण येते, घोणसही येते. सोसायटीच्या तळ्याशी मुलं खेळत असतील तर याचा विचार आधी करा. खेकड्यांना तर आपण फारच झोडपतो. २०१९ साली तिवरे धरण फुटलं तेव्हाही खापर त्यांच्यावर फोडलं गेलं. खेकडा ओलसर, भुसभुशीत माती शोधतो. बांध घालतानाच थराथराने पाणी मारून नीट दबाई केली तर त्याला बीळ करणं जड जातं. त्यावर उपाय तोच. आणि काठ सगळ्यात जास्त मोडतात त्या म्हशी, त्यांचं नावही मेसेजमध्ये नाही! त्यांना एका बाजूला मुरूम-दगडाचा पक्का उतार करून द्या, बाकीचा काठ वाचतो.

बदकांना हाकलायचं कारण मला खरंच कळत नाही. हळदी-कुंकू बदक कुणाचं काय बिघडवतं? खंड्या मातीच्या उभ्या काठात बीळ करून अंडी घालतो, आपलं मऊ पाठीचं कासव मऊ मातीत. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. सगळा काठ दगडाने मढवला तर त्यांनी जायचं कुठे? थोडा काठ मातीचा, लव्हाळ्याचा राहू द्या.

कात्रजचा दाखला इथे लागूच पडत नाही. पेशवाईत तिथे पाणी अडवायला बांधलेली भिंत आहे, काठावर ओतलेले दगड नव्हेत.

राहिलं ‘पुन्हा हात लावावा लागत नाही’. पहिल्या मोठ्या पावसानंतर काठावरून एक फेरी मारावीच लागते. दगड खचला असेल तर तो उचलून आधी खाली खडी भरा, मगच परत बसवा. फटीत सुबाभूळ, पिंपळ, उंबर उगवला असेल तर बोटभर असतानाच उपटा. मोठं झाड तोडलं की मुळं कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी बांधाबाहेर वाट काढतं.