मुख्य दाराला आतूनही चावी लागणारा डेडबोल्ट नको

गेले काही दिवस एक मजकूर या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघांनीही काळजीपोटीच. मजकूर थोडक्यात असा: दाराला काच असेल तर आजच दोन्ही बाजूंनी चावी लागणारा डेडबोल्ट, म्हणजे चौकटीत जाड दांडा सरकवणारं कुलूप, बसवा. चोर काच फोडतो, हात आत घालतो, कुलपाची आतली फिरकी (बोटांनी फिरवायची मूठ) फिरवतो आणि घरात शिरतो. आतूनही चावी लागली की त्याचा डाव फसला. तो खिडकीतून आला तरी दारातून सामान नेता येणार नाही. लहान मुलंही बाहेर पळणार नाहीत. आगीची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, चावी दाराजवळ टांगली की झालं.

असं कुलूप मी स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि स्वतःच्याच हाताने काढलं, म्हणून हे लिहितोय.

आधी काच फोडण्याचा मुद्दा, कारण त्यात तथ्य आहे. साध्या लॅचला स्प्रिंग असते, त्याची तिरपी जीभ पातळ पट्टी सरकवून मागे ढकलता येते. डेडबोल्टला स्प्रिंग नसते. सिलिंडर, म्हणजे चावी घालायचा गोल भाग, फिरल्याशिवाय त्याचा दांडा हलत नाही, ही त्याची खरी ताकद. नेहमीच्या डेडबोल्टला बाहेर चावी आणि आत फिरकी असते. काच फिरकीच्या हातभर अंतरात असेल, तर ती फोडून फिरकी गाठता येते, हे खरंच आहे.

पण मग दुबळी गोष्ट काच आहे, कुलूप नाही. काचेवर इलाज आहे. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. ती तडकते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात, हात घालण्याएवढं भोक पाडायला वेळ लागतो आणि आवाजही होतो. टफन्ड काच घेऊन मात्र हे काम होत नाही. ती मजबूत म्हणून विकली जाते, पण फुटली की तिचा पूर्ण चुरा होतो आणि सगळी चौकट मोकळी. हा फरक मजकूर लिहिणाऱ्याने सांगायला हवा होता.

आणि काच नसलेलं दारही लाथेने उघडतंच. डेडबोल्टचा दांडा साधारण 25 मिलिमीटर बाहेर येतो आणि चौकटीवरच्या पट्टीत बसतो. ती पट्टी कशाने धरलीय ते एकदा बघा. माझ्या दाराची पट्टी मी उघडली, तर आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान दोन स्क्रू निघाले, तेही चौकटीच्या वरवरच्या लाकडात. जोराची लाथ बसली की कुलूप शाबूत राहतं आणि चौकट चिरते. तिथे सुमारे 75 मिलिमीटरचे स्क्रू चौकटीमागच्या पक्क्या आधारापर्यंत गेले, तर दार कितीतरी जास्त तग धरतं. आतून चावी लावल्याने या जागी काडीचाही फरक पडत नाही.

आता खरा मुद्दा: चावी दाराजवळ टांगायची. किती जवळ? काचेतून हात पोचेल इतक्या जवळ टांगली, तर चोर तीच चावी घेऊन दार उघडेल आणि कुलूप बसवण्याचा हेतूच संपला. हात पोचणार नाही इतक्या लांब टांगली, तर धुरात तुम्हाला आधी ती खुंटी शोधायची, मग दार, मग चावीचं भोक. चावी कुलपातच ठेवली, तर ती फिरकीच झाली, फक्त निसटू शकणारी. या तिन्हींपलीकडे चौथी सोय मला आजवर कोणी दाखवलेली नाही.

मीही म्हणायचो, चावी काय, दोन सेकंदांचं काम. मग एका रात्री सगळे दिवे मालवले, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि पलंगावरून निघालो. दार लगेच सापडलं. खुंटीवरून जुडगा काढला, त्यात पाच चाव्या. बोटांनी चाचपून हवी ती ओळखली, ती उलटी लागली. सुलटी केली तर भोक सापडेना. शेवटी डाव्या हाताचं बोट भोकावर टेकवून त्याच्या आधाराने चावी आत सरकवली. घरात आग नव्हती, धूर नव्हता, कोणी ओरडत नव्हतं, तरी माझे हात घामेजले होते. मग आईला सांगितलं, तू करून बघ. तिचं वय तेव्हा 72, बोटं संधिवाताने आखडलेली. जुडगा खुंटीवरून काढतानाच तिच्या हातातून निसटला. ती खाली बसून अंधारात फरशीवर हात फिरवत राहिली. मी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो.

खऱ्या आगीत याहून वाईट असतं. धूर छताकडून खाली भरत येतो, श्वास घ्यायचा तर जमिनीलगत सरपटावं लागतं. कुलूप मात्र कमरेच्या उंचीवर आणि खुंटी त्याहून वर. कार्बन मोनॉक्साइडने डोकं बधिर होतं, रोजची चावीही ओळखू येईनाशी होते.

न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला 25 मार्च 1911 रोजी आग लागली आणि 146 माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं एका जिन्याचं दार कुलूपबंद होतं, असं आगीतून बचावलेल्या कामगारांनी सांगितलं. दारं बंद ठेवण्यामागे मालकांना भीती होती ती चोरीचीच. पुढे खटल्यात बचाव पक्षाच्या साक्षीदारांचं म्हणणं असं की चावी दारालाच दोरीने बांधलेली असायची. मालक निर्दोष सुटले. चावी दाराजवळच आहे, हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला तो नववा मजला आठवतो. कारखाना आणि घर यांत फरक आहे, मान्य. पण इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही अमेरिकेतली बांधकाम संहिता खास घरांसाठी लिहिलेली आहे, आणि तिच्यातही बाहेर पडण्याचं मुख्य दार आतून चावीशिवाय उघडलं पाहिजे, असं स्पष्ट म्हटलंय.

चोराला सामान नेता येत नाही, हा मुद्दा मी फारसा धरत नाही. जड वस्तू अडतील कदाचित. दागिने, रोख, लॅपटॉप ज्या खिडकीतून तो आला त्याच खिडकीतून जातात.

मुलांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. विस्मरणाचा आजार झालेलं माणूस घरात असेल तर त्याहूनही. ही काळजी करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्यासाठी मुलाच्या हाताला न लागणारी वरची कडी आहे, दार उघडताच वाजणारी घंटा आहे. कडीला चावी लागत नाही, मोठं माणूस ती अंधारातही काढू शकतं. मूल आत आणि चावी मोठ्यांच्या खिशात, ही अवस्था मला चोरापेक्षा भयंकर वाटते.

एक मधला मार्ग आहे. काही डेडबोल्टची आतली फिरकी काढून घेता येते. घर रिकामं सोडून जाताना काढायची, परतल्यावर पुन्हा बसवायची. आत एकही माणूस असताना ती जागेवर हवी, एवढं जमणार असेल तरच घ्या. माझ्याकडून ते रोज झालं नसतं. म्हणून मी साधा डेडबोल्ट लावला, पट्टीचे स्क्रू बदलले, काच लॅमिनेटेड केली. काढलेलं कुलूप आता अवजारांच्या खोलीला आहे. तिथे कोणी झोपत नाही.

तुमच्या दाराला असं कुलूप आधीच असेल आणि ते आज बदलणं शक्य नसेल, तर घरात माणूस असेपर्यंत एक सुटी चावी आतल्या भोकात राहू द्या. त्याआधी एक गोष्ट तपासा. काही सिलिंडरमध्ये आतून चावी लावलेली असली की बाहेरून दुसरी चावी लागतच नाही. आत कोणी बेशुद्ध पडलं तर शेजाऱ्याकडे दिलेली चावी कामाची उरत नाही. दुसऱ्या माणसाला आत उभं करा, चावी आत घाला आणि बाहेरून उघडून बघा.