गिटारच्या चिरेत खोबरेल घालू नका

‘पावसाळ्यात गिटार वाचवा’ अशा मथळ्याचा एक निरोप ठाणे-नवी मुंबईतल्या संगीतवर्गांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेले वर्षभर फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की गिटारवर दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे दमट हवेने लाकडाला गेलेला तडा असतो. म्हणून गिटार रोज दोन तास कडक उन्हात ठेवावी, चिरेत कोमट खोबरेल तेल मुरवावे, गिटारच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, तांदळाची पुरचुंडी ठेवावी, तारा पूर्ण सैल कराव्यात, एसीच्या खोलीत गिटार कधीही नेऊ नये, आणि आपल्याकडे हवा बारा महिने दमटच असल्यामुळे आर्द्रता मोजत बसू नये. हा निरोप मी तीन वेळा वाचून सोडून दिला होता. गेल्या सप्टेंबरात तो घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे पोहोचला आणि त्याने त्यातले पहिले दोन उपाय मनापासून केले. आता गप्प राहणे मला शक्य नाही.

भाच्याच्या गिटारला मुळात काय झाले होते, ते आधी सांगतो. मान जिथे बॉडीला जोडलेली असते, त्या सांध्यावर केसाइतकी बारीक, आडवी रेघ उमटली होती. लाकडाचे दोन वेगळे तुकडे जिथे भेटतात तिथे ते ऋतूप्रमाणे थोडे वेगवेगळे हलतात आणि वरचे कडक पॉलिश त्या हालचालीत उकलते. अशी रेघ बहुतेक वेळा फक्त पॉलिशपुरती असते. तिने वाद्याच्या मजबुतीत किंवा आवाजात काही फरक पडत नाही. जुन्या किंवा महागड्या गिटारींवरच्या नायट्रोसेल्युलोज लॅकर नावाच्या पॉलिशवर दिसणारे बारीक रेघांचे जाळे हाही पॉलिशचाच प्रकार असून, थंडगार झालेले वाद्य एकदम उबेत आणले की तो होतो. आपल्याकडच्या मुलांच्या हातात असतात त्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचे जाड पॉलिश असते. त्यावर चांदणीसारखा तडा दिसला तर तो धक्क्याचा समजावा.

लाकडाची चीर वेगळी ओळखू येते. ती बहुधा लाकडातल्या रेषांच्या दिशेने, सरळ धावते. तारा ढिल्या करून गिटारच्या भोकातून छोटा आरसा आत घालावा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड पाडावा. बाहेरची रेघ आतल्या कच्च्या लाकडावरही त्याच जागी दिसली तरच लाकूड फाटले आहे. या तपासाला पाच मिनिटे लागतात. निरोप लिहिणाऱ्याने एवढे एक वाक्य लिहिले असते तरी पुढचे सगळे टळले असते.

आता ऊन. भाच्याने सलग तीन दिवस दुपारी गिटार गॅलरीत ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे फळीला अडकवलेल्या असतात त्या पट्टीच्या, खालच्या बाजूला, पुढच्या फळीवर, चार इंच लांबीची खरी चीर पडलेली होती. यात नवल काहीच नाही. अमेरिकेच्या वनविभागाची मॅडिसन येथे वनोत्पादन प्रयोगशाळा आहे. लाकूड आणि आर्द्रता यांविषयी तिने प्रसिद्ध केलेली ‘वुड हँडबुक’ ही पुस्तिका जगभर प्रमाण मानली जाते. तिच्यातल्या कोष्टकानुसार सामान्य तापमानाला ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकूड वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते, तर ५० टक्क्यांच्या हवेत सुमारे ९ टक्के. सिटका स्प्रूस, ज्याची पुढची फळी असंख्य गिटारींना असते, ते ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे, ४.३ टक्के आकसते. हा हिशेब ४० सेंटिमीटर रुंदीच्या फळीला लावला, तर १६ वरून ९ वर येताना ती जवळजवळ ४ मिलिमीटर आकसू पाहते. पण ती कडांना चिकटवलेली आणि आतून आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी बांधलेली असते. आकसायला जागा नसली की ती फाटते.

हे पाणी अनेक आठवड्यांत सावकाश उतरले, तर लाकूड बऱ्यापैकी सांभाळून घेते. उन्हात ते सावकाश उतरत नाही. २५ अंश तापमानाची, ९० टक्के आर्द्रतेची हवा पाण्याचा एक थेंबही न काढता ४५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे भर पावसाळ्यातल्या गिटारला आपण दोन तासांत वाळवंटात नेऊन ठेवतो. शिवाय गिटारला पॉलिश असते ते बाहेरून. आतले लाकूड उघडेच असते आणि एक बाजू दुसरीपेक्षा वेगाने सुकते. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या गिटारचे ब्रिज सुटतात ते याच्या पुढचे प्रकरण आहे, कारण तिथे सरसही मऊ पडतो.

खोबरेलाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. चीर दिसल्यावर भाच्याने वाटीत कोमट केलेले तेल कापसाच्या बोळ्याने तिच्यात सोडले आणि मला फोन केला: “मामा, तेल लावल्यावर चीर गेली बघ!” त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. चीर पांढुरकी दिसते, कारण तिच्यात हवा असते आणि उजेड त्या हवेच्या कडांवर विखुरतो. तेल भरले की हवा निघून जाते आणि रेघ डोळ्यांना दिसेनाशी होते. लाकूड मात्र तितकेच फाटलेले राहते.

खोबरेल सुकत नाही. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. खोबरेलाचे तसे होत नाही. ते साधारण २४ अंशांखाली थिजते, त्याच्यावर पुन्हा वितळते, आणि मधल्या काळात लाकडाच्या रेषांतून आजूबाजूला पसरत जाते. काही महिन्यांनी त्याला खवट वास येतो. त्याहून मोठे नुकसान असे की, चीर जोडण्याचा जो एकमेव खरा उपाय आहे, म्हणजे तिच्या दोन्ही कडा सरसाने चिकटवणे, तोच तेलामुळे बिघडतो. तेल प्यायलेल्या लाकडाला सरस धरत नाही, पांढरा-पिवळा गोंदही धरत नाही. स्वच्छ चीर चांगल्या कारागिराला अवघड नसते: लाकडात ओलावा परत आणून ती मिटवायची, सरस भरायचा, आणि आतून पातळ लाकडाच्या छोट्या चकत्या त्यांच्या रेषा चिरेला आडव्या येतील अशा चिकटवायच्या. तेल गेलेल्या चिरेत ते सगळे काम आधी तेल काढण्यापाशी अडते.

यातले अर्धसत्य मान्य करायला हवे. पॉलिश नसलेल्या, रोझवूडच्या किंवा एबनीच्या फ्रेटबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या बोटे दाबायच्या पट्टीवर, वर्षातून एक-दोनदा तेलाचा पुसट हात फिरवतात, आणि ते चालते. तिथे काही चिकटवायचे नसते. तीच सवय कोणीतरी पुढच्या फळीवर आणली असावी.

बाकीचे मुद्दे थोडक्यात संपतात. तांदळाने केस कोरडी होत नाही, कारण साठवणीच्या तांदळात स्वतःचेच १२ ते १४ टक्के पाणी असते. त्यातून पिठूळ धूळ आणि किडे मात्र केसमध्ये येतात. तारा पूर्ण सैल करण्याची गरज नाही. बारा नंबरच्या (जाडीच्या) तारांच्या संचाचा एकूण ताण ७० किलोंच्या वर असतो, त्यामुळे गिटार महिनोन्‌महिने वाजणार नसेल तर एक-दोन सूर उतरवून ठेवणे शहाणपणाचे आहे. तेवढा भाग मी मान्य करतो. एसीविषयीचा सल्ला तर पावसाळ्यात उलटाच आहे: एसी हवेतले पाणी काढून घेतो आणि जुलैत गिटारला त्याचा फायदाच होतो. थंड झोत थेट अंगावर येईल अशा जागी ती टांगू नये, इतकेच.

‘हवा बारा महिने दमट’ या विधानावर मात्र थांबावे लागेल, कारण इथले बरेच लोक हे खरे मानतात. मी नेरुळला राहतो. माझ्या खोलीतला आर्द्रतामापक जुलैत, घरातच कपडे वाळत घातलेले असताना, ८८ दाखवत होता. फेब्रुवारीत जमिनीकडून पूर्वेचे वारे सुटले तेव्हा त्याच भिंतीवर भर दुपारी तो २९ वर उतरला. १८३३ पासून गिटारी बनवणारी मार्टिन कंपनी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखायला सांगते. म्हणजे आपल्या गिटारींना एकाच वर्षात दोन्ही टोके सोसावी लागतात. पावसाळ्यात ब्रिजच्या मागची फळी फुगते, तारा उंच होतात, आवाज दबतो. उन्हाळ्याच्या तोंडाला फळी खाली बसते आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके बोटाला टोचू लागतात. यातले काय चालू आहे ते अंदाजाने कळत नाही.

त्यासाठी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यावा आणि त्याच्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नये. बाटलीच्या टोपणात स्वयंपाकाचे मीठ घ्यावे, ओल्या वाळूसारखे होईल इतके थेंब पाणी घालावे, आणि टोपण व मापक झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवावेत. सकाळी आकडा ७५ यायला हवा. माझा ७० दाखवतो, म्हणून मी प्रत्येक वेळी पाच मिळवतो. वरचे ८८ आणि २९ हे आकडे तसे पाच मिळवूनच दिले आहेत. मग कडक केस बंद ठेवावी, मापक आत ठेवावा, पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटे घालावी आणि दाण्यांचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा कोरडी करावी. आकडा ४५ च्या खाली गेला की पाकिटे काढून घ्यावीत.

भाच्याची गिटार ठाण्यातल्या एका कारागिराकडे पाच आठवडे होती. त्यांनी नॅफ्था या तेल विरघळवणाऱ्या द्रवात भिजवलेल्या काड्यांनी चिरेतले तेल चार वेळा काढले, तरी पहिल्या खेपेला सरस सुटला. दुसऱ्या खेपेला धरला, आणि आतून तीन चकत्या लावल्या. फळीवर बोटभर रुंदीचा तपकिरी डाग राहिला आहे आणि तो जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मानेच्या सांध्यावरची मूळची रेघ त्यांनी आरसा घालून पाहिली आणि तशीच सोडून दिली.