कोरमपुरत्या बायका

आज सोसायटीच्या सभेत मला मत देऊ दिलं नाही. घरी येऊन तास झाला. चहा केला, तो गार झाला, दुसरा केला, तोही गार होतोय. म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, घाईत असाल तर आत्ताच पुढे सरका.

प्रकार असा. आमच्या फ्लॅटवर पहिलं नाव नवऱ्याचं, दुसरं माझं. नवरा कामासाठी नागपूरला. विषय पुनर्विकासाचा, बिल्डर निवडायचा. मी हात वर केला तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुम्ही सहयोगी सभासद. साहेबांचं पत्र आणलंय का?" नव्हतं आणलं. "मग बसा की, चर्चा ऐका. समोसे येतायत." आणि मागच्या रांगेतून एक काका, ज्यांना सगळ्या जगाचा इतिहास पाठ असतो ते, म्हणाले, "अहो, अमेरिकेतसुद्धा बायकांना 1920 साली मत मिळालं, वहिनींना कसली एवढी घाई!" सगळे हसले. दोन बायकाही हसल्या. ते जास्त लागलं.

सभेत तोंडातून शब्द फुटला नाही. आता फुटतायत.

काका, तारीख लिहून घ्या. 10 डिसेंबर 1869. अमेरिकेच्या पश्चिमेकडचं वायोमिंग. तेव्हा ते राज्यसुद्धा नव्हतं, वर्षभरापूर्वी नकाशावर रेघा मारून तयार केलेला एक प्रदेश होता. युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ पडत गेले तशी रुळांच्या कडेने तंबूंची आणि फळकुटांची गावं उठली, शायेन काय, लॅरमी काय. त्या दिवशी गव्हर्नर कॅम्बेलने सही केली आणि तिथल्या एकवीस वर्षांवरच्या बायकांना मत मिळालं. नुसतं मत नाही, पदावर बसायचा हक्कही. बॉस्टनच्या शिकल्यासवरल्या बायकांना मात्र तुमच्या त्या 1920 ची वाट बघावी लागली.

आपल्या आनंदीबाई जोशी 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या ना, तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. बायकांना डॉक्टर करणारी बाई, आणि तिला स्वतःला मत नाही! त्याच वर्षी वायोमिंगमध्ये पैसे घेऊन लोकांचे कपडे धुणारी बाई मत देऊ शकत होती.

मला हे सगळं पाठ असायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी लेकीकडे डेन्व्हरला गेले होते तेव्हा हट्ट करून लॅरमीला गेले. लेक म्हणाली, "आई, तिथे वाऱ्याशिवाय काही नाही." खरंच नाही. उभं राहू देत नाही असा वारा. पण तिथे एका बाईचा पुतळा आहे, लुइझा स्वेन. 6 सप्टेंबर 1870, सकाळची वेळ. ही एकोणसत्तर वर्षांची आजी ॲप्रन बांधून, हातात छोटी बादली घेऊन यीस्ट आणायला निघाली होती. पाव करायचा होता. वाटेत मतदानाची जागा लागली, अजून धड उघडलीही नव्हती. आत गेली, मत दिलं, आणि पुढे यीस्ट आणायला गेली.

तो पुतळा बघताना मला लॅरमी दिसेनाच. मला आमचं गाव दिसलं आणि आजीचा दळणाचा डबा.

मार्च 1977. मी आठ वर्षांची, शाळेला सुट्टी, कारण शाळेतच मतदान. आजी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीला निघाली आणि मी मागे. गिरणीच्या अलीकडे शाळा. तिने डबा वर्गाच्या दाराशी उतरवला, मला म्हणाली, "हितं उभी ऱ्हा, डब्याकडं बघ," आणि चपला काढून आत गेली. शाळेत जाताना चपला काढायच्या असतात एवढंच तिला शाळेबद्दल माहीत होतं. तेव्हा टेबलामागच्या माणसाने विचारलं, नाव? आणि आजीने तिचं नाव सांगितलं. माझ्या जन्मात मी ते पहिल्यांदा ऐकलं. घरात ती आई होती, आत्याबाई होती, आजोबांची "अगं ए" होती. तिला नाव असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

असो. पुन्हा वायोमिंग. कारण काकांचा मुद्दा अजून संपलेला नाही. ते उद्या शोधून काढतील की हा हक्क मोठ्या मनाने वगैरे दिलेला नव्हता. नव्हताच! 1870 च्या शिरगणतीत तिथे जेमतेम नऊ हजार माणसं, आणि दहा वर्षांवरच्यांत एका बाईमागे सहा पुरुष. कायद्याचा मसुदा आणला विल्यम ब्राइट नावाच्या गृहस्थाने, साउथ पास सिटी या सोन्याच्या खाणीच्या गावात त्याचं सलून होतं (केस कापायचं नव्हे, दारूचं). त्याचं म्हणणं काय, तर काळ्या पुरुषांना मत मिळणार असेल तर माझ्या आईला आणि बायकोला का नको. याला समतावादी म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. सभागृह सगळं डेमोक्रॅट, गव्हर्नर रिपब्लिकन. काहींना वाटलं, तो नकाराधिकार वापरेल आणि त्याची फजिती होईल. काहींना वाटलं, झाली तर प्रदेशाची जाहिरात होईल, बायका येतील, घरं होतील. काहींनी तर नुसती गंमत म्हणून हात वर केले. तो हशा मला इथे बसून ऐकू येतो. आज दुपारीच ऐकलाय.

आणि हो, कुणी म्हणायच्या आत मीच म्हणते: ज्यांची ती जमीन होती त्या शोशोनी आणि अरापाहो बायकांना यातलं काही मिळालं नाही. अमेरिकेने मूळ रहिवाशांना सरसकट नागरिक मानलं ते 1924 साली. मान्य. काळा डाग आहे.

पण मला आज जे दिसलं ते वेगळंच आहे.

1998 साली आम्ही या इमारतीत राहायला आलो तेव्हा अठ्ठावीस फ्लॅटपैकी दहा भरले होते. पाणी टँकरचं, लिफ्ट बंद, रस्ता म्हणजे चिखल. तेव्हा सभेला कोरम, म्हणजे लागणारी किमान डोकी, भरत नसे. आणि हेच सेक्रेटरी, केस काळे होते तेव्हा, दारोदार फिरून म्हणायचे, "वहिनी, साहेब नसले तर तुम्ही या, प्लीज!" आम्ही जायचो. कडेवर पोरं घेऊन जायचो. हात वर करायचो. टँकरचा ठेका, वॉचमनचा पगार, गेटचा रंगसुद्धा आमच्या हातांनी ठरलाय. कुणी पत्र मागितलं नाही. पत्र कधी मागितलं? एका फ्लॅटची किंमत कोटीच्या पुढे गेली तेव्हा.

वायोमिंगला तरी दुसरं काय होतं? कोरम भरत नव्हता! ओसाड मुलुखात चार डोकी जास्त लागतात, तेव्हा बाईचं डोकंही डोकं असतं. जिथे शे-दोनशे वर्षांची घरं होती, खुर्च्या होत्या आणि खुर्च्यांवर बसलेले काका होते, तिथे पन्नास वर्षं जास्त लागली. न्यूझीलंडच्या बायकांना 1893 ला मिळालं, साऊथ ऑस्ट्रेलियाच्या बायकांना त्याच्या पुढच्या वर्षी, आणि इंग्लंडात, जिथून ही सगळी मंडळी बोटीने गेली होती, तिथे 1918 पर्यंत नाही आणि तेव्हाही तिशीच्या पुढच्यांनाच, तीही मालमत्तेची अट घालून.

मालमत्ता! आलं का पुन्हा तेच. आपल्या मुंबई इलाख्यात 1921 ला बायकांना मत मिळालं, तेही मालमत्ता असेल तर. मालमत्ता कुणाच्या नावावर असायची ते सांगायला नको. नंतर 1935 च्या कायद्यात अशी सोय होती की नवऱ्याकडे पुरेशी मालमत्ता असेल तर त्यावर बायकोलाही मत. म्हणजे बघा, साहेबाच्या राज्यातसुद्धा नवऱ्याच्या घरावर बायको मत देऊ शकत होती, पत्र न आणता. आमची सोसायटी त्याच्याही मागे.

(नियमात पत्राचं आहे, हे मी घरी येऊन वाचलं. सेक्रेटरींचं चुकलं नाही. बरं. पुढे.)

हक्क मिळाला की संपलं असं आपण समजतो, तिथेच फसतो. वायोमिंगच्या बायकांनी मत दिलं, आणि 1871 च्या निवडणुकीत काही रिपब्लिकन निवडून आले. झालं! ज्यांनी गंमत म्हणून हात वर केले होते त्यांची गंमत संपली. त्याच वर्षी कायदा रद्द करायचा ठराव मंजूर केला. कॅम्बेलने नकाराधिकार वापरला, खालच्या सभागृहाने तो झुगारला, आणि वरच्या सभागृहात एक मत कमी पडलं म्हणून बायकांचं मत वाचलं. एक. मला त्या एका माणसाच्या पाया पडावंसं वाटतं, मग तो कितीही दारुडा असो.

युटामध्ये तर आणखी मजा. तिथे 12 फेब्रुवारी 1870 ला कायदा झाला आणि दोनच दिवसांनी सॉल्ट लेक सिटीत सेराफ यंग नावाच्या तरुण मुलीने मत दिलंसुद्धा, म्हणजे लुइझा आजीच्याही आधी. पूर्वेकडच्या शहाण्यांना वाटलं होतं की तिथल्या मॉर्मन पंथाच्या बायका (त्या पंथात पुरुषाला अनेक बायका करता येत) मत हातात आलं की बहुपत्नीत्वाच्या विरोधात उठतील. त्या उठल्या नाहीत. ज्याला द्यायचं त्याला देत राहिल्या. मग काय, 1887 साली अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांचं मतच काढून घेतलं. सतरा वर्षं वापरलेलं मत! तुम्ही आम्हाला हवं तसं वापरत नाही ना, मग द्या परत. ते पुन्हा मिळालं 1896 ला, युटा राज्य झालं तेव्हा.

आणि लॅरमीच्या त्या ज्युरीतल्या, म्हणजे कोर्टातल्या पंचमंडळातल्या, बायका. मार्च 1870 मध्ये न्यायाधीश हाउ यांनी बायकांना ज्युरीत बसवलं. वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रं काढली, आई ज्युरीत गेली म्हणून बाळ रडतंय अशी गाणी रचली. पुढचे न्यायाधीश आले आणि त्यांनी ते बंद केलं. बंद म्हणजे किती? जवळपास ऐंशी वर्षं! मत देणारी, पुढे गव्हर्नर झालेली (नेली टेलो रॉस, 1925, अमेरिकेतली पहिली बाई गव्हर्नर) बाई चालते, पण ज्युरीत नको. आमच्या 1998 च्या सभा आठवल्या. चिठ्ठी नाही, नोटीस नाही, कुणी सांगायलाही आलं नाही की वहिनी, उद्यापासून तुमचा हात मोजणार नाही.

आत्ता नवऱ्याचा फोन आला. सगळं सांगितलं. म्हणाला, "अगं, मग मी आत्ता पत्र लिहून व्हॉट्सॲप करतो ना, त्यात काय!" चांगला माणूस आहे हो. पंचवीस वर्षांत मला कशाला नाही म्हणाला नाही. म्हणूनच मला त्याला नीट समजावता येईना की मला पत्र का नकोय. नकोच म्हणाले. तो थोडा दुखावला. आता मलाच वाईट वाटतंय.

फ्लॅटवरचं पहिलं-दुसरं नाव कसं बदलायचं ते विचारणार आहे, एवढं मात्र ठरवलं.

राग जरा उतरलाय. मगाशी मी आजीची गोष्ट अर्धी सोडली.

टेबलामागच्या माणसाने पुढे विचारलं, "मालकांचं नाव?" आता आजी नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातली नव्हती. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. ती गप्प. त्याने पुन्हा विचारलं. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आजी म्हणाली, "त्ये तुमच्या कागदात बघा. माझं मी सांगितलंय." त्याने कागदात बघितलं. होतं. बोटाला शाई लावली.

हे मी फार नंतर वाचलं, की 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी जवळजवळ 28 लाख बायकांची नावं यादीतून काढली होती. कारण नावंच नव्हती! अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून दिलेलं. सेन म्हणाले, स्वतःचं नाव सांगा, नाहीतर नाही. मला तेव्हा तो माणूस फार कडक वाटला होता, 28 लाख बायकांचं मत एका फटक्यात गेलं की हो. आज सभेत "साहेबांचं पत्र" ऐकल्यापासून मला तो कडक वाटत नाहीये.

आजीचं नाव इथे लिहू का? लिहिलं होतं, खोडलं. तिने ते त्या टेबलाशी सांगितलं होतं, फेसबुकला नाही.

लुइझा स्वेन पुढे वायोमिंगमध्ये राहिली नाही. पूर्वेला परतली आणि 1880 साली मेरीलँडमध्ये गेली. तिथे बायकांना मत नव्हतं. म्हणजे लॅरमीत रस्त्याने जाता जाता मत देणारी ही बाई मरताना पुन्हा बिनमताची होती. पुतळ्याच्या पाटीवर वाचलं की नाही आता आठवत नाही, पण परत येताना गाडीत मी लेकीला हेच सांगत होते आणि ती म्हणाली, "आई, रडतेस काय, तू ओळखत होतीस का तिला?"

ओळखत होते की.

त्या दिवशी मतदान करून आजीने डबा पुन्हा डोक्यावर घेतला. गिरणीत नंबर लागायला उशीर झाला, घरी पोचलो तर ऊन चढलेलं. आजोबा ओसरीवर बसलेले. त्यांनी सकाळीच कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते तिला दोनदा सांगून ठेवलं होतं. तिच्या बोटाची शाई बघून म्हणाले, "काय गं, सांगितलं तिथंच मारलास ना?"

आजीने डबा उतरवला, पदराने तोंडावरचं पीठ पुसलं आणि आत जाता जाता म्हणाली, "गिरणीत लई गर्दी व्हती आज."