ते घर 1901 सालचं नाही

ग्लासगोतल्या एका पांढऱ्याशुभ्र घराचा फोटो सध्या फिरतोय. खाली मजकूर असा: ‘मॅकिन्टॉशने 1901 मध्ये बांधलेलं, जागतिक स्पर्धेत पहिलं आलेलं कलारसिकाचं घर. आजही जसंच्या तसं!’ मॅकिन्टॉश म्हणजे स्कॉटिश आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश. फोटो खरा आहे, बाकी बरंच चुकलंय.

पहिलं म्हणजे सालच चुकलंय. 1901 मध्ये होते ते फक्त कागद. जर्मनीतल्या डार्मस्टाटचे प्रकाशक अलेक्झांडर कोख यांच्या मासिकाने कलारसिकासाठी घर रचण्याची स्पर्धा ठेवली होती. जागा नव्हती आणि मालकही काल्पनिक. फोटोतलं घर ग्लासगोच्या बेलाह्यूस्टन पार्कात उभं राहिलं ते ग्रॅहॅम रॉक्सबरा या इंजिनिअरच्या हट्टामुळे. काम 1989 ला सुरू झालं, मध्ये पैशांअभावी रखडलं आणि 1996 ला दारं उघडली. तोवर मॅकिन्टॉशला जाऊन 68 वर्षं झाली होती.

पहिलं बक्षीस? ते कुणालाच दिलं नाही. दुसरं इंग्लिश आर्किटेक्ट बेली स्कॉटला गेलं. मॅकिन्टॉशची प्रवेशिका नियमात बसली नाही, कारण आतल्या खोल्यांची मागितलेली चित्रं पुरी नव्हती. तरी परीक्षकांना ती इतकी भावली की खास पारितोषिक देऊन घेतली, आणि 1902 मध्ये जर्मन आर्किटेक्ट-लेखक मुथेसिउसच्या प्रस्तावनेसह तिच्या चित्रांचा संच छापला.

‘मॅकिन्टॉशने’ हा एकवचनी प्रत्ययही खटकतो. बायको मार्गारेट मॅकडोनल्ड या कामात बरोबरीने होती.

आता ‘जसंच्या तसं’. माझ्यासारख्या ड्रॉइंग बोर्डावर वर्षं घालवलेल्या माणसाला इथेच जास्त बोलावंसं वाटतं. त्या संचात प्लॅन आहेत, एलिव्हेशन (समोरून-बाजूने दिसणारे सपाट नकाशे) आहेत, बाहेरची आणि काही दालनांची देखणी पर्स्पेक्टिव्ह (डोळ्याला दिसेल तशी काढलेली चित्रं) आहेत. वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे, मात्र नाहीत. खिडकीची चौकट भिंतीत किती आत बसवायची, छपराचं पाणी कुठून उतरवायचं, नळ कुठून न्यायचे, हे गवंड्याला अशा चित्रातून कळत नाही. ब्रोशर बघून फ्लॅट बुक केलेल्यांना हा फरक समजवायला नको! त्यामुळे हे घर उभारणारे आर्किटेक्ट अँडी मॅकमिलन आणि सहकाऱ्यांना मॅकिन्टॉशच्या इतर इमारती बघून पुष्कळ गोष्टी ठरवाव्या लागल्या. संगीत दालनाला चित्राचा भक्कम आधार होता. जे चित्रातच नव्हतं, तिथे अंदाजच. तो उत्तम बांधलाय, पण अंदाज तो अंदाज. शिवाय आज तिथे कॅफे आहे, लग्नं लागतात.

मॅकिन्टॉशच्या हयातीत बांधलेलं खासगी घर बघायचंच असेल तर स्कॉटलंडमधल्याच हेलेन्सबरा गावातलं हिल हाउस बघा. प्रकाशक वॉल्टर ब्लॅकीसाठी ते 1902 ते 1904 मध्ये झालं. बाहेरचा सिमेंटचा गिलावा स्कॉटलंडच्या पावसाला पुरला नाही, भिंती ओल धरून बसल्या. म्हणून 2019 पासून सबंध घरावर जाळीचा प्रचंड मांडव घातलाय. त्याचा फोटो मात्र अजून कुणी फॉरवर्ड केलेला नाही.