डोहाळजेवण झालं, आता तिला कळांबद्दल कोण सांगणार?

सातव्या महिन्यात आपण तिला हिरवी साडी नेसवतो, फुलांची वाडी भरतो, झोपाळ्यावर बसवतो, पेढा की बर्फी म्हणून वाट्या उघडायला लावतो. मला हे सगळं मनापासून आवडतं. बाईचं एवढं कौतुक एरवी होतंच कुठे? पण त्याच घरातली मुलगी दोन महिन्यांनी लेबर रूममध्ये येते, तेव्हा कळ म्हणजे नक्की काय हेसुद्धा तिला कुणी सांगितलेलं नसतं. परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं प्रसूतिकक्षात गेली, त्यामुळे हे पोटतिडकीनं लिहितेय.

पहिलटकरणीच्या कानावर दोनच प्रकारचं बोलणं पडतं. एक म्हणजे "सगळं नीट होईल गं, तू विचार नको करूस." आणि दुसरं म्हणजे कुणाच्या तरी जावेच्या बाळंतपणाची अंगावर काटा आणणारी हकिगत. दोन्हींतून तिच्या हाती काही लागत नाही, भीती तेवढी वाढते. घाबरलेली बाई अंग आखडून घेते, श्वास रोखून धरते आणि खरं काम सुरू व्हायच्या आत थकून जाते.

तिला सांगा, की कळ सलग नसते. येते, चढते, मिनिटभरात उतरते आणि मग मधे उसंत मिळते. त्या उसंतीत अंग सैल सोडायचं, घोट घोट पाणी प्यायचं (डॉक्टरांनी बंद केलं नसेल तर), जमेल तशी फेरी मारायची. पूर्ण वेळ उताणं पडून राहायची गरज नसते. कुशीवर झोपलं, बसलं, उभं राहिलं तरी चालतं. खोट्या कळा थोड्या वेळानं विरून जातात, खऱ्या कळा जवळजवळ येत जातात आणि जोर धरतात. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटिमीटर उघडेपर्यंत जोर करायचा नाही, हेही आधीच सांगा. ऐन कळेत कानावर पडलेली सूचना डोक्यात शिरत नाही.

आणि वेळेचं म्हणाल तर हे तिच्याइतकंच घरच्यांनीही ऐकायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार पहिल्या खेपेला तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यानंतरही पुढे 12 तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ ठीक असतील, तर दर तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब सगळ्यांना लावायचा नसतो. बाहेर बाकड्यावर बसलेले नातेवाईक मात्र दर अर्ध्या तासानं विचारतात, "अजून कसं नाही झालं? कळांचं सलाईन लावा ना." त्या सलाईनला जागा आहे, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यायचं औषध आहे. घाई झाली म्हणून घरी कुणाकडून कळांचं इंजेक्शन टोचून घेणं तर जिवावर बेतू शकतं.

आता मला सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट. कळा देणाऱ्या बाईला आपण एकटं का ठेवतो? सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ तिची एक सोबतीण असावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं 2016 मध्ये काढल्या. प्रसूतिकक्ष सुधारण्यासाठीच्या 2017 च्या 'लक्ष्य' या सरकारी कार्यक्रमातही सन्मानानं बाळंतपण करण्यावर भर आहे. सतत सोबत मिळालेल्या बायकांची नैसर्गिक प्रसूती होण्याचं प्रमाण जास्त आणि सिझरचं कमी, हे 15,000 हून अधिक बायकांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. तरीही कित्येक ठिकाणी दार लावून घेतात. कारणं मला माहीत आहेत. एका खोलीत तीन टेबलं, मधे पडदा नाही, एका सिस्टरच्या अंगावर सगळा वॉर्ड. म्हणून पडदे लावा, माणसं वाढवा. सोबत काढून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आणि कळांनी ओरडणाऱ्या मुलीला "तेव्हा कळलं नव्हतं का?" असं सुनावणं मी या कानांनी ऐकलंय. आपल्या माणसाचा हात हातात असलेल्या बाईशी असं बोलायची हिंमत सहसा होत नाही.

सोबत म्हणजे पाठ चोळणारी, कपाळ पुसणारी, "ही कळ गेली बघ" म्हणणारी. आई असो, बहीण असो, सासू असो, कोण हवंय ते तिला विचारा. नवरा हवा असेल आणि तिथे आडोसा असेल, तर त्यालाही आत घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

सिझरबद्दलही आधीच बोला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, खासगी रुग्णालयांत तर 47.4 टक्के. म्हणून "गरज का आहे" हे विचारायचा तिला हक्क आहे. पण खरी गरज निघाली, तर "नॉर्मल नाही जमलं का?" हा प्रश्न घरात कुणीही तिला विचारू नये. पोट कापून घेऊन तिनं बाळ जन्माला घातलंय.

दवाखान्यात कधी निघायचं, हे फाईलच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. पहिल्या खेपेला साधारण पाच-पाच मिनिटांनी कळा यायला लागल्या आणि तासभर तशाच राहिल्या, की निघायचं. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट बघायची नाही. गाडीची सोय नसेल तर 102 किंवा 108 ला फोन करायचा.

ज्यांच्या घरी आठवा महिना चालू आहे, त्यांनी पुढच्या तपासणीला एवढं विचारून या: आत सोबत कोण येऊ शकेल, कळांमध्ये चालू-फिरू देता का, दुखणं कमी करायची काय सोय आहे, आणि रात्री डॉक्टर हजर असतात का. हे प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या, तुम्ही शेजारी बसा.