गाणं नसलेल्या बँडची वेबसाइट

जो बँड मुळात नाहीच, त्याची वेबसाइट काढायची. आणि ती अशी काढायची की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ही पोरं कित्येक वर्षं गातायत आणि यांच्या तिकिटांना रांगा लागतायत. पूर्वी असल्या उद्योगामागे पोलीस लागायचे. हल्ली त्याला मीडिया स्टडीज म्हणतात आणि त्याचे मार्क मिळतात.

आमचे चिरंजीव इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळेत आहेत. 'बाबा, या विषयात पाठांतर नसतं,' असं सांगून त्यानं तो घेतला. पाठांतर नसतं हे खरंच आहे. पाठांतर एकट्याला करता येतं. या विषयाला अख्खं घर लागतं.

शाळेनं कागद दिला: नव्या कलाकाराचं प्रमोशन पॅकेज तयार करा. त्यात म्युझिक व्हिडिओ, डिजिपॅक आणि वेबसाइट. डिजिपॅक म्हणजे सीडीचं पुठ्ठ्याचं, घड्या घातलेलं कव्हर. आता माझ्या मुलानं आजवर सीडी पाहिली ती दिंडोरीच्या द्राक्षबागेत, पाखरं हुसकायला तारेला टांगलेली. तिच्यातून गाणी ऐकू येतात हे त्याला या प्रकल्पामुळे कळलं. तर या तिन्ही वस्तू एका घरच्या दिसल्या पाहिजेत. लग्नपत्रिका, मांडवाची कमान आणि करवल्यांच्या साड्या एकाच रंगात असाव्यात असा जो हल्ली हट्ट असतो, तोच हा. त्याला ब्रँडिंग म्हणायचं.

बँडच्या नावावरून दोन दिवस घरात जेवणं गार झाली. जे इंग्रजी नाव सुचावं ते जगात कुठल्या तरी बँडनं आधीच घेतलेलं. शेवटी माझी बायको ऑफिसातून दीड तास उशिरा आली, पर्स सोफ्यावर टाकली आणि म्हणाली, 'द्वारका सर्कल!' ती फक्त उशिराचं कारण सांगत होती: त्या चौकातली वाहतूक कोंडी. पण चिरंजीवांनी ते उचललं. बँडचं नाव 'द्वारका सर्कल', खाली ओळ: 'एकदा अडकलात की सुटका नाही.' नाशिकच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाहेरच्याला ते नाव पौराणिक वाटेल, तोही फायदाच.

माझे वडील सुरुवातीला या सगळ्याच्या विरोधात होते. खोट्या गोष्टीची जाहिरात हा प्रकार त्यांना पटेना. मग मीच त्यांना फाळक्यांची आठवण करून दिली. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले आपले दादासाहेब. १९१३ साली चित्रपट काढला, पण सुरतेला लोक येईनात. नाटक तासन् तास चालतं, त्यापुढे एवढ्याशा खेळाला कोण पैसे देणार? फाळक्यांनी जाहिरात दिली: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दाम फक्त तीन आणे. लोक तुटून पडले. 'म्हणजे प्रमोशन हे नाशिकचंच,' असं म्हणून वडील लगेच प्रकल्पात सामील झाले. त्यांना आवरणं हे पुढचं काम होऊन बसलं.

वेबसाइटला फोटो हवेत. फोटोला थिअरी हवी. रिचर्ड डायर नावाच्या इंग्रज अभ्यासकाचं म्हणणं असं की, स्टार म्हणजे माणूस नव्हे, ती घडवलेली प्रतिमा. तो एकाच वेळी साधाही वाटला पाहिजे आणि असामान्यही. हजरही आणि गैरहजरही. यातला शेवटचा भाग आमच्या बास गिटारवाल्यानं मनावर घेतला होता. तो दर वेळी गैरहजर.

शूटिंगची जागा रामकुंड. पोरांना पाणी, दगडी पायऱ्या, देवळांची शिखरं असं 'टेक्सचर' हवं होतं. आलेल्या तिघांनी काळे शर्ट घातले होते, कारण इंडी रॉकवाले, म्हणजे मोठ्या कंपनीविना आपलं आपण वाजवणारे, काळंच घालतात. आणि कुणी हसायचं नाही, कारण इंडी रॉकवाले हसत नाहीत. आता नाशिकच्या कुठल्याही माणसानं डोळ्यांपुढे आणावं: सकाळची वेळ, रामकुंडाची पायरी, काळ्या कपड्यांतली, मान खाली घातलेली तीन तरुण पोरं, आणि बाजूला स्टीलचा डबा घेऊन उभा असलेला एक वडीलधारा माणूस. डब्यात पोहे होते. पण ते बाहेरून कसं कळणार?

एक गुरुजी हळूच जवळ आले. आवाज खाली आणून त्यांनी ड्रमरला विचारलं, 'कोण गेलं?'

'आमचा बास गिटारवाला.'

'अरेरे. वय काय होतं?'

'सतरा.'

गुरुजींनी डोळे मिटले. 'कशानं?'

'मिसळीमुळे,' ड्रमर म्हणाला. 'येईल एवढ्यात, तिकडे पाव संपत नाहीत तोवर उठत नाही तो.'

गुरुजींनी माझ्याकडे जे पाहिलं, तो एकच फोटो त्या दिवशी काढण्यासारखा होता. नंतर मात्र त्यांनी आमचं गाव आणि आडनाव विचारलं, आणि बोलता बोलता माझ्या पणजोबांची नोंद कुणा गुरुजींच्या चोपडीत सापडेल तेही सांगितलं. वेबसाइटच्या 'अबाउट' पानावर टाकण्यासारखी खरी माहिती आम्हाला एवढीच मिळाली. चिरंजीवांनी ती घेतली नाही. ब्रँडिंगमध्ये बसत नाही म्हणे.

'अबाउट'चा मजकूर मराठीत हवा होता. वडिलांनी तो कागदावर सुरेख अक्षरात लिहिला आणि परस्पर रविवार कारंजाजवळच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणला. तिथे फ्लेक्सही निघतात, त्यामुळे सोबत लोगोही आला, आग्रहाचा आणि फुकट. लोगोत दोन वाघ, एक मशाल, आणि चारही पोरांचे चेहरे गोलात. खाली 'शुभेच्छुक' लिहून मोकळी जागा. वाढदिवस असलेल्या भावी नगरसेवकाला तो शोभून दिसला असता.

मजकूर साइटवर चिकटवला तर 'गोदाकाठच्या मातीतून उमललेला सूर' या ओळीच्या जागी डॉलर, टक्के, कंस आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं उमटली. जुन्या फॉन्टची ती गंमत असते. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे आकार उतरतो आणि आतलं उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठेही गेलं तरी मराठीच राहतं. हे मी वडिलांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे छापखान्यात जे दिसतं ते खरं नसतं, हेच ना? मग तुझ्या त्या डायरचं तरी काय वेगळं आहे?' एवढी अचूक उजळणी चिरंजीवांच्या वहीत कुठेही नव्हती.

लोगो, मजकूर, फोटो झाले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की गाणं नाही.

शाळेची अट अशी की, दुसऱ्याचं गाणं घेतलं तर हक्क ज्याच्याकडे आहे त्याची लेखी परवानगी लागेल. वडील म्हणाले, 'एखादं जुनं नाट्यपद घ्या, कोण विचारतंय?' आपला कायदा विचारतो. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, आणि ध्वनिमुद्रिकेचा वेगळा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. यानंतरची संध्याकाळ आजोबा आणि नातू यांनी कोण केव्हा वारलं याचा हिशेब करण्यात घालवली. संगीतकार मुदतीत बसले तर गीतकार बसेनात. 'अजून चार वर्षं कमी पडतात, जरा लवकर जायला हवे होते,' असं वाक्य माझ्या घरात, देवासमोर दिवा लावलेला असताना, सहज बोललं गेलं. आईनं उठून टीव्ही मोठा केला.

शेवटी पोरांनी स्वतःच गाणं रचलं. ड्रमर मूळचा ढोल पथकातला. त्याला हळू वाजवणं हा प्रकार ठाऊक नाही. ध्वनिमुद्रण आमच्या बेडरूममध्ये, खिडक्यांना गाद्या लावून झालं. तरी खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि यंदा गणपती लवकर आहेत का, असं विचारून गेले.

साइट उघडली की गाणं आपोआप सुरू व्हावं अशी चिरंजीवांची इच्छा होती. पण २०१८ पासून क्रोमसारखे ब्राउझर आवाजासकट आपोआप काही वाजू देत नाहीत, वापरणाऱ्यानं आधी कुठे तरी बोट लावावं लागतं. तंत्रज्ञानानं माणसासाठी केलेल्या उपकारांत मी याचा नंबर फार वर लावतो.

टूरच्या पानावर चिरंजीवांनी लंडन टाकलं. मी ते काढून मनमाड टाकायला लावलं. थाप मारायची तर जिथून रात्रीची गाडी मिळते तिथली मारावी. लंडन गेलं, मनमाड आलं, शेवटचा प्रयोग कालिदास कलामंदिरात, आणि त्यावर लाल पट्टी: 'हाउसफुल्ल'. हे मात्र मला बघवेना. आम्ही तिथे खऱ्या नाटकाला तिकीट काढून गेलोय आणि आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या मोजल्यात.

दुकानाच्या पानावर टी-शर्ट होते. टी-शर्ट म्हणजे संगणकावर चिकटवलेलं चित्र, प्रत्यक्षात एकही नाही. वडिलांनी एक्स्ट्रा लार्जची ऑर्डर दिली. नातवानं ती 'ऑडियन्स एंगेजमेंट' म्हणून वहीत चिकटवली.

काम जमा करायच्या आठवड्यात बाई म्हणाल्या की 'न्यूज'चं पान रिकामं दिसतंय, काही तरी ताजं टाका. नेमकं त्याच आठवड्यात गायकाच्या घरच्यांनी त्याला जेईईच्या क्लासला घातलं आणि बास गिटारवाल्यानं, जो कधी आलाच नव्हता, रीतसर राजीनामा पाठवला. ड्रमरला पथकाचा सराव सुरू झाला. न झालेला बँड आता फुटला होता. बातमी मीच लिहून दिली, जरा भारदस्त: कलाविषयक मतभेद, चाहत्यांचे ऋण, खासगीपणाचा आदर राखावा, वगैरे. साइटच्या बाकी सगळ्या पानांना मिळून जेवढे लोक आले नव्हते, तेवढे त्या एका पानावर आले. सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. खालच्या काकांनी 'निर्णयाचे स्वागत' असं लिहिलं.

वडिलांनी बातमी चष्मा पुसून दोनदा वाचली.

'मतभेद वगैरे ठीक आहे रे,' ते म्हणाले, 'पण आता माझा टी-शर्ट कोण देणार?'